जुनी औषधे आणून द्यावीत

तीर्थरूप मोठे काका यांना वेलांटीचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार कागदावरचाच गोड मानून घ्यावा. डबे उचलून उचलून माझी कंबर अशी धरली आहे की एकदा खाली गेलो तर पुन्हा वर येण्याची खात्री देता येत नाही.) तुमचा डावा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात मी उजव्याची चौकशी केली आणि दुखत होता डावा, हे काकूंकडून फोनवर कळल्यापासून मनाला लागून राहिलं आहे. तरी या वेळी दोन्ही गुडघ्यांची विचारपूस करतो, म्हणजे चूक व्हायला जागा उरणार नाही. काकूंना झोप लागते का? इकडे आई बरी आहे. बाबा बरे आहेत, म्हणजे नेहमीसारखेच आहेत.

पत्र लिहिण्याचं कारण अगदी लहान आहे. तुमच्या घरी तो जाड शब्दकोश आहे, त्यात एक शब्द पाहून कळवावा. किडे मारण्याच्या औषधाला पुस्तकात जो एकच शब्द असतो, तो. त्याच्या पहिल्या अक्षराची वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, एवढंच हवं आहे. तो शब्द मी या पत्रात लिहिणार नाही. मागे मी 'आशिर्वाद' असं लिहिलं होतं, तेव्हा तुम्ही त्याला लाल शाईने गोल करून पत्र परत पाठवलंत आणि आशीर्वाद द्यायचे राहून गेले. फोनवर विचारलं असतं, पण फोनवर वेलांटी दिसत नाही. शिवाय फोनवर तुम्ही 'सगळे बरे ना? ठीक' म्हणून ठेवून देता.

आता एका वेलांटीसाठी एवढं मोठं पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण तिच्यामुळे इकडे जे झालं ते सांगितल्याशिवाय मला स्वस्थता नाही.

त्याचं असं झालं. ताई बाळाला घेऊन महिनाभर राहायला येणार आहे. बाळ आता रांगतं, आणि जे हाताला लागेल ते तोंडात घालतं. (परवा ताई फोनवर बोलत असताना मध्येच नुसता मच् मच् आवाज येऊ लागला. बाळाने फोनच तोंडात घातला होता.) ताईने एकच अट घातली. मागची औषधांची खोली रिकामी झाली पाहिजे. 'रिकामी म्हणजे रिकामी, बाबांसारखी कोपऱ्यात सरकवलेली नाही. एक डबा दिसला तरी मी त्याच पावली परत फिरेन,' असं ती म्हणाली, आणि ताई म्हणते ते करते हे तुम्हाला माहीत आहे. आईने बाळासाठी उशी शिवून ठेवली आहे. ती उशी रोज उन्हात घालते, रोज आत आणते, आणि मधूनच बाबांकडे बघते. बोलत काही नाही. न बोलता एवढं टोचून बोलणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

ती खोली तुमच्या ओळखीची आहेच, पण तुम्ही गेल्यानंतर तिच्यात बरीच भर पडली. बाबांच्या मते औषध कधी जुनं होत नाही, फक्त मुरतं. फळीवर फुगलेले पत्र्याचे डबे, गठ्ठा होऊन दगड झालेल्या पुड्या, झाकण उडालेल्या बाटल्या, आणि सरबताच्या बाटल्यांत ओतून ठेवलेलं काहीतरी तपकिरी, ज्यावर बाबांनी स्वतःच्या हाताने 'महत्त्वाचे' एवढंच लिहिलं आहे. शिवाय कोपऱ्यात तुमचं लोखंडी कपाट, कुलूप लावलेलं.

बाबांनी विल्हेवाटीचे एकाहून एक उपाय सुचवले. पहिला, सगळं मागच्या गटारात ओतू. मी म्हटलं, गटार ओढ्याला मिळतं, आणि ओढ्यावर अख्ख्या वस्तीची गुरं पाणी पितात. मग म्हणाले, लिंबाच्या झाडाखाली पुरू. मी म्हटलं, विहीर तिथून हाकेच्या अंतरावर आहे. मग जाळू. मी म्हटलं, धूर आपल्याच नाकात जाईल. शेवटी म्हणाले, 'मग सगळं एका पिंपात कालवू. एकच जालीम औषध तयार होईल, वाया काही जायला नको.' यावर मी खाली बसलो. आई आतून म्हणाली, 'त्यापेक्षा पिंपात तुम्हीच बसा, मी झाकण लावते.'

त्याच आठवड्यात आमच्या सहकारी संस्थेत निरोप आला की जुन्या औषधांची गाडी येणार. (मी अजून संस्थेच्या गोदामातच आहे. पोती मोजतो आणि पाट्या लिहितो. नववीत शाळा सुटली तरी शुद्धलेखन सुटलं नाही, म्हणून सगळे मला वेलांटी म्हणतात. नाव चिडवायला ठेवलं होतं, पण मला आवडलं.) ती गाडी शेतातली जुनी, मुदत संपलेली, फुटकी औषधं घेऊन जाते, आणि ती खास भट्टीत अशा आचेवर जाळतात की विषाचं विष उरत नाही. व्यवस्थापकांनी मला बोलावून सांगितलं, 'वेलांटी, झकास पाटी लिही. लोकांना कळलं पाहिजे.'

मी पाटी लिहायला बसलो आणि पहिल्याच शब्दावर अडकलो. तो शब्द, तोच. किडा ऱ्हस्व असतो. कीड दीर्घ असते. मग हा शब्द किड्याच्या बाजूचा की किडीच्या? घरी येऊन आपला जुना शब्दकोश काढला, तर 'क'ची पानंच गेलेली. वाळवीने नेमकी तीच खाल्ली होती, 'ख'ला तोंडसुद्धा लावलं नव्हतं. म्हणजे ज्यांना मारायचं त्यांनीच मारणाऱ्याचं नाव खाऊन टाकलं. मग मागच्या खोलीत जाऊन डब्यांवर पाहिलं. एका कंपनीच्या डब्यावर तो शब्द ऱ्हस्व, दुसऱ्या कंपनीच्या डब्यावर दीर्घ. (किडे मात्र दोन्ही डब्यांनी मेले असं बाबा सांगतात. किड्यांना शुद्धलेखनाचं काही नाही.) मोबाइलवर पाहिलं, तिथेही दोन्ही तऱ्हेने लिहिणारे ढिगाने. कोणाला विचारावं, तर मग माझं नाव वेलांटी कशाला राहील? शेवटी विचार केला की आपण सगळे बोलताना औषधच म्हणतो. औषध मारलं, औषध आणलं, औषध संपलं. 'औषध' या शब्दात शंकेला जागा नाही. तेव्हा सुबक अक्षरात लिहिलं: 'जुनी व निरुपयोगी औषधे येथे आणून द्यावीत.' 'निरुपयोगी'तला 'रु' ऱ्हस्व असतो, हे अनेकांना माहीत नसतं. मी दोन पावलं मागे जाऊन पाटी पाहिली आणि मनात म्हटलं, वा.

गाडी आली त्या सकाळी मी तयार होतो. पायात रबरी बूट, हातात जाड हातमोजे, अंगात रेनकोट, तोंडाला मास्क आणि डोळ्यांवर शेजारच्या वेल्डरचा काळा चष्मा. (त्या चष्म्यातून फक्त वेल्डिंग दिसतं. मी फाटकाच्या खांबाला दोनदा नमस्कार केला.) गाडीबरोबर एक बाई आल्या होत्या, त्या सगळ्याच्या प्रमुख. बुटक्या, चपळ, आणि आवाज असा की गोदामातली कबुतरं उडाली. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, 'चष्मा सोडून बाकी सगळं बरोबर आहे.' हे मी प्रशस्तिपत्रकासारखं जपून ठेवलं आहे.

रांग फाटकाबाहेर गेली होती. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, एवढा प्रतिसाद कुठेच मिळाला नाही. मग रांगेतल्या पहिल्या आजींनी पिशवीतून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली.

बाई म्हणाल्या, 'आजी, इथे माणसांची औषधं घेत नाही.'

'मग कोणाची घेता?'

'किड्यांची.'

आजींनी मागे वळून रांगेला सांगितलं, 'अगं बाई, आता किडेसुद्धा आजारी पडायला लागले.'

काका, मला रेनकोटातल्या रेनकोटात घाम फुटला. अर्धी रांग तशीच होती. शिंप्याने त्याच्या आईचे डोळ्यांचे थेंब आणले होते. दूधवाल्याने स्वतःच्या आम्लपित्ताच्या गोळ्या आणि म्हशीचं जंताचं औषध एकाच डब्यात आणलं होतं, आणि कोणतं कोणाचं हे त्यालाही आता सांगता येत नव्हतं. न्हाव्याने केस उगवण्याच्या तेलाची बाटली पुढे केली आणि हळूच म्हणाला, 'निरुपयोगी लिहिलंय ना, म्हणून आणली.' आजी तर बाटली द्यायलाच तयार नव्हत्या. त्यांना फक्त विचारायचं होतं, जेवणाआधी घ्यायचं की नंतर. आणि याच सगळ्यांच्या मध्ये, खांद्याला खांदा लावून, शेतकरी उभे होते, गळके डबे आणि फुगलेल्या बाटल्या घेऊन. त्यांची पाटीबद्दल काहीच तक्रार नव्हती. त्यांच्या लेखी औषध म्हणजे हेच औषध.

इथवर तुम्ही हसत असाल तर पुढचं वाक्य हसत वाचू नका. बाबा आमच्या खोलीतलं सामान घेऊन रांगेत होते. हात दुखले म्हणून त्यांनी ती सरबताची तपकिरी बाटली टेबलावर ठेवली. शेजारी शिंपी उन्हात ताटकळलेला. त्याला वाटलं, संस्थेने लोकांसाठी सरबत ठेवलं आहे. त्याने झाकण काढलं आणि बाटली उचलली. बाईंनी झडप घालून त्याचं मनगट धरलं ते टेबलावर दाबूनच ठेवलं. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, 'खाली ठेवा. हळू.' कबुतरंसुद्धा गप्प झाली. मग त्यांनी बाटली एका मोठ्या डब्यात भुसा घालून त्यात उभी केली, शिंप्याचे हात साबणाने धुवायला लावले, आणि बाबांकडे वळून विचारलं, 'घरात लहान मूल आहे?'

बाबा म्हणाले, 'यायचंय.'

एवढंच बोलले, पण त्यांचा चेहरा मी त्या काळ्या चष्म्यातूनसुद्धा पाहिला.

मग मी जाऊन पाटी उतरवली आणि नवी लिहिली. त्यात तो शब्द टाळण्यासाठी 'शेतातील किडे मारण्याचे विष' असं लिहिलं. 'विष' पाहताच माणसांच्या औषधांची रांग आपोआप बाजूला झाली. औषधांच्या दुकानदाराला बोलावलं, त्याने वेगळं खोकं मांडून गोळ्या-बाटल्या गोळा केल्या. (आजींचा खोकला आधीच गेलेला आहे असं तिथे निष्पन्न झालं.) बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, 'ही पाटी आधीच का नाही लिहिलीत?' मी म्हटलं, जागा कमी होती. पाटी चांगली दाराएवढी होती, काका.

त्यानंतर बाई स्वतः आपल्या खोलीत आल्या. काय सांगू, त्यांनी एकही बाटली दुसरीत ओतू दिली नाही, एकही झाकण हुंगू दिलं नाही. बाबा हुंगून ओळखायला निघाले होते, तर म्हणाल्या, 'नातवंड यायचंय ना? मग नाक सांभाळा.' गळके डबे जसेच्या तसे पिशवीत, पिशवी पिंपात, चिठ्ठी चिकटवली, झाकण बंद. मग त्यांची नजर मोरीतल्या निळ्या कॅनवर गेली. आई त्यात कपड्यांचे चिमटे ठेवते. आई म्हणाली, 'मी दहा वेळा धुतलाय तो.' बाई म्हणाल्या, 'अकराव्यांदाही औषधाचाच राहील.' आणि खिळा घेऊन त्याला आरपार भोक पाडलं, पुन्हा कोणी वापरू नये म्हणून. आईने असा श्वास घेतला की जणू तिच्या माहेरच्या माणसाला कोणी टोचलं.

तर संध्याकाळपर्यंत खोली रिकामी झाली. जवळजवळ. बाबांनी फळ्या काढल्या, मी जमीन खरवडली, आईने लांबूनच देखरेख केली. जवळजवळ का, ते तुम्ही ओळखलं असेलच, पण तुमच्या गुडघ्याला उगाच ताण नको म्हणून मी तो विषय इथे काढत नाही. वेलांटीचं तेवढं पाहून कळवावं. काकूंना नमस्कार, गुडघ्यांना शेक.

आपला आज्ञाधारक पुतण्या,
वेलांटी

ता. क. विषय काढतोच. तुमचं लोखंडी कपाट राहिलं आहे. बाईंनी बजावलं आहे की कुलूप तोडायचं नाही, हातोड्याचा एक धक्का बसला आणि आतली बाटली फुटली तर खोलीच सोडावी लागेल. किल्लीने अलगद उघडायचं. आणि किल्ली तुम्ही त्या वर्षी खिशात घालून नेलीत. तुम्ही म्हणाला होतात की हे औषध मुदत संपलेलं आहे, मारू नकोस. बाबांनी मारलं. टोमॅटोची पानं कागदासारखी वाळली. तुम्ही एक शब्द न बोलता उरलेलं सगळं कपाटात घालून कुलूप लावलंत आणि तुमच्या मुलाकडे राहायला गेलात. बाबा तेव्हा म्हणाले, 'नेऊ दे किल्ली, मला काय करायचीय?' तेव्हापासून तुम्हा दोघांचं बोलणं माझ्यामार्फत चालतं, आणि मी त्यात स्वल्पविराम घालून घालून थकलो आहे. गाडी शनिवारी परत जाताना संस्थेत थांबणार आहे, आणि मग पुढच्या वर्षीच. कपाट तसंच राहिलं तर ताई येणार नाही. तेव्हा किल्ली पाठवावी. टपालाने पाठवल्यास पाकीट फाटतं, म्हणून कोणाच्या तरी हाती पाठवावी. स्वतःच्या हाती पाठवल्यास उत्तम.

ता. क. दुसरा. पाकिटाला डिंक लावत असताना बाबा मागे येऊन उभे राहिले. त्यांनी सगळं पत्र वाचलं. (त्यांनी चष्मा लावला होता, त्यामुळे नाकारता येणार नाही.) मला मागच्या खोलीत घेऊन गेले आणि कपाटाची मूठ दोन बोटांनी ओढली. दार उघडलं. कुलूप पहिल्या पावसाळ्यातच गंजून निकामी झालं होतं, नुसतं लटकत होतं. आत तुम्ही ठेवलेल्या बाटल्या जशाच्या तशा. फक्त त्यांच्याखाली एक पत्र्याचं ताट, ताटात वाळू, आणि ती वाळू ताजी. म्हणजे आमचा हा माणूस, जो सगळं औषध पिंपात कालवायला निघाला होता, तो इतकी वर्षं गुपचूप कपाट उघडून गळती पाहत होता, वाळू बदलत होता आणि दार पुन्हा लावून कुलूप तसंच अडकवून ठेवत होता. मी विचारलं, मग सांगितलं का नाही? तर म्हणाले, 'कुलूप दादाचं आहे. उघडंच आहे म्हणून कळवलं असतं, तर त्याला किल्ली घेऊन यायचं काम राहिलं असतं का?' आणि मग माझ्यावरच ओरडले की जमीन नीट खरवडली नाहीस.

बाटल्या शनिवारच्या गाडीत जातील. बाईंना फोन केला, त्या म्हणाल्या की कपाटाला आता कोणी बोट लावू नका, आम्हीच येऊन नेऊ. ताईला कळवलं. ती रविवारी येते. उशी आज उन्हात नाही, आत बिछान्यावर आहे.

ता. क. तिसरा, आणि शेवटचा, कारण कागद संपला. बाबा पुन्हा आले. पत्र पुन्हा मागितलं आणि पहिल्या पानावर बोट ठेवून म्हणाले, 'हे दादाला कशाला विचारतोस? दीर्घ आहे. कीटकनाशक. लहानपणी मला जमायचं नाही, तर दादा पाटीवर काढून दाखवायचा. कीटक पळाला की लांब जातो, म्हणून त्याची वेलांटीही लांब जाते.' पळणारा कीटक त्यांनी मला हवेत काढूनसुद्धा दाखवला.

तर काका, आता शब्द पाहण्याचं कारण उरलं नाही. किल्ली आणण्याचंही कारण उरलं नाही. यायला तुम्हाला कसलंच निमित्त शिल्लक नाही. तेव्हा रविवारी नुसतेच या. पाकीट बंद केलंस का, म्हणून बाबा चौथ्यांदा विचारून गेले आहेत.